काच अडकली की आधी पाणी शोधा

पॉवर विंडो बंद पडली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मोटर गेली. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एरवीही हवा खारीच असते. इथे तरी या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका, असं मी अनुभवाने सांगतो.

आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच ऐन जुलैत भाट्याच्या पुलावर अर्धी उतरून थांबली. आई त्याच बाजूला बसली होती, ती पार भिजली. काच तिच्या बटणाने वर येईना, माझ्याकडच्याही येईना. गॅरेजमधल्या मुलाने बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "काका, मोटर गेली. अख्खा सेटच टाकूया." दरवाजा न खोलता काढलेलं निदान मला पटलं नाही. गाडी घरी आणली.

खोलण्याआधी कान लावावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर आतली केबल तुटली असेल किंवा काचेला धरणारी प्लास्टिकची क्लिप. बटण दाबताना केबिनचा दिवा किंचित मंद होतो, तर करंट पोचतोय. मोटर तरी जाम आहे किंवा काच रबरी खाचेत अडकली आहे. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बटण आणि वायर आधी तपासायची. एका बटणाने काच चालते, दुसऱ्याने नाही, तर मोटर चांगली आहे. पण दोन्ही बंद म्हणून मोटर मेली असं होत नाही. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरकडचा करंट डावीकडच्या बटणातूनच पुढे जातो. ते सडलं की दोन्हीकडून बोंब.

आमचंही तेच होतं. मोटरचा कपलर सुटा करून मध्ये फ्यूज घातलेल्या वायरीने बॅटरीचा थेट करंट दिला, तर काच सरसर वर गेली. बटणाचा कपलर काढला, तर पितळी पिनांवर हिरवा गंज चढलेला. आणि पाणी तिथे आलं कुठून? पॅनलमागे जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तोच नव्हता. पूर्वी एका दुकानात स्पीकर बसवले, तेव्हा तो फाडून टाकला होता.

हा कागद फालतू नाही. काचेच्या कडेने थोडं पाणी दरवाजात उतरतंच, गाडी बनवणाऱ्यांनी ते धरलेलंच असतं. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं आणि कागद त्याला केबिनकडे येऊ देत नाही. आमच्या दरवाजाची भोकं जांभ्याच्या तांबड्या मातीने आणि आंब्याच्या मोहराने गच्च बुजली होती. माडाच्या हिराने ती मोकळी केली, तेव्हा गढूळ पाणी बराच वेळ गळत राहिलं. नवं बटण घातलं. जाड प्लास्टिक मापाने कापून ब्यूटिल टेपने चिकटवलं, खालची कड दरवाजाच्या आत वळवून. ती कड बाहेर राहिली तर सगळं पाणी पुन्हा पॅनलमध्येच उतरतं. स्पीकर किंवा लॉकच्या कामाला गाडी देताना हा कागद परत लागतोय का, हे उभं राहून पाहा.

स्वतः हात घालणार असाल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा; करंट देऊन तपासायचं असेल तेवढ्यापुरतीच ती जोडा. काच वर ढकलून चौकटीला चिकटपट्टीने पक्की बांधा, नाहीतर काच वरखाली करणारा रेग्युलेटर सुटताच ती खाली आदळते. आत बोटं असताना घरातल्या कुणालाही बटणाजवळ येऊ देऊ नका, विशेषतः मुलांना. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. कात्रीसारख्या रेग्युलेटरची मोटर स्प्रिंग न अडवता काढू नका, तो झटक्यात मिटतो आणि हात चेमटवतो. दरवाजात एअरबॅगचं काही असेल, तर ते काम जाणकाराकडेच द्या.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. जास्त अँपिअरचा घातला तर वायर पेटू शकते. रबरी खाचेला खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून काच आणखी अडते. सिलिकॉन स्प्रे मारा. बॅटरी पुन्हा जोडल्यावर आपोआप वर जाणारी काच कधीकधी तशी जात नाही. ती बिघडलेली नसते. तिला पुन्हा सेट करायची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. बहुधा काच पूर्ण बंद करून बटण काही क्षण वर ओढून धरायचं असतं.