‘माम्याला’ टाळायचे कसे? : पायथॉनमधील ‘स्विच’चे पर्याय

इंदूरला मराठी शिकवताना उत्तरपत्रिकांत ‘घोडाला’, ‘पैसाने’ अशी रूपे मला नेहमी भेटतात. घरी मराठी आणि बाहेर हिंदी असलेल्या या मुलांना सामान्यरूपाचा सराव मिळावा, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी पायथॉन शिकलो.

सी भाषेत अनेक पर्यायांतून एक निवडण्यासाठी ‘स्विच’ असते. पायथॉनमध्ये ते नाही. तसा प्रस्ताव भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २००६ मध्ये मांडला होता. तो नाकारला गेला.

म्हणून मी आधी ‘इफ–एलिफ’ची साखळी लिहिली. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप याकारान्त होते, हा नियम घातला. ‘घोड्याला’ बरोबर आले. पण ‘मामा’चे ‘माम्याला’ झाले! मग मामा, काका, दादा, राजा अशा प्रत्येकासाठी एकेक ‘एलिफ’ वाढत गेला. शिवाय साखळीत क्रम सांभाळावा लागतो. सामान्य नियम वर राहिला, तर खालच्या अपवादापर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही.

यावर उपाय म्हणजे पायथॉनची ‘डिक्शनरी’, म्हणजे कोशच :

अपवाद = {"मामा": "मामा", "राजा": "राजा", "ससा": "सशा"}

पायथॉन ३ मध्ये चलाचे नाव असे देवनागरीत चालते. अपवाद["ससा"] विचारले की "सशा" मिळते. कोशात नसलेला शब्द असा विचारला तर प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. ‘गेट’ने विचारला तर थांबत नाही, आणि मग नियम लावता येतो. नियमही कोशात ठेवता येतात : ‘पुल्लिंगी’समोर एक फंक्शन, ‘स्त्रीलिंगी’समोर दुसरे. मुख्य लाभ असा, की प्रोग्रामिंग न येणारा मराठीचा शिक्षकही हा कोश तपासू शकतो. चुकीचे रूप मुलांच्या तोंडी बसण्याआधी ते कोणाच्या तरी नजरेस पडायला हवे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीत ‘मॅच–केस’ मिळाले. ते मूल्याबरोबर माहितीची घडणही ओळखते : नुसता शब्द आला, की शब्द व लिंग अशी जोडी. सीमध्ये ‘ब्रेक’ विसरला तर पुढच्या पर्यायातले कामही होते. इथे तो धोका नाही.

थोडक्यात, नुसती जोडी शोधायची तर कोश, अट तपासायची तर ‘इफ’, घडण ओळखायची तर ‘मॅच’.

स्वाध्याय : काका, रस्ता, शाळा, घसा. यांपैकी कोशात काय जाईल? ‘ससा’, ‘पैसा’ यांच्याशेजारी ‘घसा’ ठेवून पाहा. एकाच वळणाचे अपवाद जमू लागले, की तिथे नवा नियम लिहायची वेळ आलेली असते.