प्रार्थनेतील दम : गायनारंभी श्वासाचे शिक्षण

पळसदरीच्या आसपासच्या वाड्यांतील मूल हुतूतूच्या डावात एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरते, दोघांना हुलकावणी देते आणि दम न तोडता मध्यरेषेवर परत येते. तेच मूल सकाळच्या परिपाठात प्रार्थनेची पहिली ओळ संपता संपता धापा टाकू लागते, किंवा ओळीचा शेवट गिळून टाकते. वर्गशिक्षक त्याला मागच्या रांगेत उभे करतात. ‘याला गळा नाही’ असा शिक्का एकदा बसला की पुढील कित्येक वर्षे ते मूल नुसते ओठ हलवीत राहते. वास्तविक त्याच्या अंगी दम आहे, हे हुतूतूच्या अंगणाने सिद्धच केलेले असते. मग गाताना तो जातो कोठे, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावयास हवा.

हुतूतू खेळताना मूल आवाज दबका व एकसारखा ठेवते. श्वास पुरवून वापरला नाही तर आपण बाद होऊ, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी मात्र ‘मोठ्याने म्हणा!’ अशी आज्ञा होते. मूल खांदे वर उचलून छातीभर हवा ओढते आणि पहिल्या दोन शब्दांतच ती उधळून टाकते. उरलेली ओळ मग रित्या भात्यावर चालते. पळसदरीपाशी खोपोलीचा फाटा सुटतो आणि पुण्याकडील मुख्य मार्ग बोरघाट चढू लागतो. तेथील सर्वांत तीव्र चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे. घाटाच्या पायथ्याशीच सारा जोर संपवून चालत नाही, हे रोज गाडी पाहणाऱ्या मुलांना सांगताच कळते.

श्वास घेताना छातीच्या तळाशी असलेले श्वासपटल खाली सरकते व सपाट होते, खालच्या बरगड्या बाजूंस फाकतात आणि पोट किंचित पुढे येते. खांद्यांचे त्यात काही काम नाही. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचा उच्छ्वास आपोआप होतो, कारण ताणलेली फुफ्फुसे स्वतःच आकुंचन पावतात. गाताना या आकुंचनाला आवर घालून हवा थोडी थोडी सोडावी लागते. म्हणून गायनातील श्वासनियंत्रण हे मुख्यत्वे सोडण्याचे शिक्षण होय. ‘भरपूर श्वास घ्या’ एवढेच सांगणारा शिक्षक अर्ध्याहून कमी धडा शिकवितो.

आरंभ गाण्याने न करता जमिनीवर करावा. ओसरीवर बस्कर अंथरून मुलांना उताणे निजवावे व प्रत्येकाच्या पोटावर पाटी ठेवावी. पाटी हळूच वर यावी, हळूच खाली जावी, छाती व खांदे स्थिर राहावेत. मुलांना ही गंमत वाटते, आणि शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कोणाचा श्वास कोठे चालला आहे ते दिसते. दोन-तीन दिवसांनी मुलांनी उभे राहून, कमरेच्या वर दोन्ही बाजूंस तळवे ठेवून, तेच करून पाहावे. त्यानंतर दातांआडून ‘स्ऽऽ’ असा बारीक आवाज सोडावयास सांगावे व शिक्षकाने संथ टाळ्या वाजवाव्या. पहिल्या टाळीला जेवढा आवाज तेवढाच शेवटच्या टाळीला राहिला पाहिजे. सहा टाळ्या नीट जमल्या तर आठ, आठ जमल्या तर दहा. येथे चढाओढ लावण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. चढाओढ लागली की खांदे पुन्हा वर जातात, चेहरे लाल होतात आणि एखाद्याला घेरी येते. श्वास कोंडून धरण्याचा या पाठाशी काही संबंध नाही. एका वेळी पाच मिनिटे पुरेत.

यानंतर स्वर. येथे पट्टीचा प्रश्न येतो, व बहुतेक शाळांत घोटाळा होतो तो येथेच. शिक्षकाला सोयीची पट्टी मुलांना सोयीची असतेच असे नाही. पुरुषाचा आवाज लहान मुलांच्या आवाजाहून सुमारे एक सप्तक खाली असल्याने काही मुले तो खालचा सूर पकडू पाहतात व चाचपडतात. वरच्या वर्गातील एखाद्या सुरेल मुलीने सूर द्यावा, हा सोपा उपाय आहे. गीतातील सर्वांत उंच स्वर हनुवटी न उचलता आणि सर्वांत खालचा स्वर गळा न दाबता लागला, तर पट्टी बरोबर आहे असे समजावे. ओढाताणीने लावलेला स्वर श्वास फार खातो. याच जिल्ह्यात पनवेलजवळ पळस्पे येथे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभारले. त्या परंपरेत पहाटे खर्जाची दीर्घ साधना करतात. परंतु ती वाढलेल्या कंठाची साधना आहे. आठ वर्षांच्या मुलांकडून खर्ज करवून घेऊ नये.

गीत फळ्यावर लिहून, अर्थ जेथे पुरा होतो तेथे खडूने उभी रेघ ओढावी. श्वास तेथेच घ्यावयाचा. शब्दाच्या मध्ये घेतलेला श्वास अर्थही तोडतो व सूरही. राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनास सुमारे 52 सेकंद लागावेत असा संकेत आहे. पुष्कळ ठिकाणी ते रेंगाळते, ओळ मुलांच्या दमाहून लांब होते, आणि दोष मात्र मुलांना दिला जातो. घड्याळ लावून एकदा मोजून पहावे. इतर गीतांसाठी भजनी मंडळाची रीत घ्यावी : एका गटाने ओळ म्हणावी, दुसऱ्याने ती उचलावी. एक गट गातो तेव्हा दुसऱ्याला विसावा मिळतो. जात्यावर समोरासमोर बसून ओव्या म्हणणाऱ्या बायकांनाही ही सोय ठाऊक होती.

ज्याचा दम खरोखरच तोकडा आहे, त्याचे काय? या बाबतीत कुमार गंधर्वांचे उदाहरण प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेला हा गायक बालपणीच सभा गाजवू लागला. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. देवधर हे आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक होते. पुढे ऐन पंचविशीत कुमारांना क्षयाने गाठले, एक फुफ्फुस निकामी झाले आणि देवास येथे काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा आटोपशीर, नेमक्या स्वरवाक्यांची आणि अर्थपूर्ण विरामांची गायकी त्यांच्याजवळ होती. त्या गाण्याला अपुरे म्हणता येणार नाही. वर्गातील तोकड्या दमाच्या मुलाला लांब ओळ दोन श्वासांत म्हणू देण्यास मग कोणती हरकत असावी? त्याने ध्रुवपदाची लहान ओळ एकट्याने म्हणावी, बाकीच्यांनी पुढची उचलावी.

दम्याची धाप आणि न शिकलेला श्वास यांत मात्र शिक्षकाने भेद केला पाहिजे. या भागातील पावसाळ्यात सर्दी-खोकला सर्रास असतो. तो असेपर्यंत मुलाला केवळ ऐकू द्यावे. खेळतानाही जो मागे पडतो, ज्याच्या छातीत शिट्टीसारखा आवाज येतो किंवा ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे, त्याच्या पालकांस भेटून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे. आणि मागच्या रांगेत नुसते ओठ हलविणाऱ्या मुलांची नावे टाचणवहीत वेगळी लिहून, पाटीचा पाठ प्रथम त्यांच्यापासूनच सुरू करावा.