खाटेशेजारचे शिक्षण आणि त्याचे विद्यावेतन

रुग्णालय म्हटले की प्रथम डॉक्टर आणि त्यांच्यामागोमाग परिचारिका डोळ्यांसमोर येतात. तथापि अंथरुणास खिळलेल्या रुग्णाला दिवसभरात सर्वाधिक वेळा ज्यांचा हात लागतो, ती माणसे निराळीच असतात. त्यांना कोणी ‘मावशी’ म्हणते, कोणी ‘मामा’. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, घास भरविणे, स्ट्रेचरवरून क्ष-किरण विभागात नेणे ही सर्व कामे त्यांच्याकडे असतात. ही कामे कोणालाही जमतात, त्यांना शिक्षण ते काय हवे, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. तो समज तपासणे, आणि हे शिक्षण देताना शिकणाऱ्यास वेतन का द्यावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

शिकाऊ सेविकेस वेतन देण्याची कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय सुरू झाले. तेथील शिकाऊ मुलींना वर्षभर निवास, भोजन व गणवेश मिळत असे आणि त्याखेरीज वर्षाकाठी १० पौंड हातात पडत. हा खर्च ज्या निधीतून भागविला गेला, तो क्रिमियाच्या युद्धाच्या काळात जनतेने कृतज्ञतेपोटी देऊ केलेल्या वर्गणीतून उभा राहिला होता. आधुनिक परिचर्येच्या शिक्षणाचा पाया देणगीदारांच्या पैशातून दिलेल्या विद्यावेतनावर रचला गेला, ही गोष्ट धर्मादाय संस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या परिसरातही याची दोन बीजे सापडतात. पहिले मिरजेचे. डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे राहिले. बाहेरून प्रशिक्षित माणसे मिळण्याची शक्यता नसल्याने तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच स्थानिक मुलामुलींना रुग्णसेवेचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. मिरजेला पुढे वैद्यकीय नगरीचा जो लौकिक प्राप्त झाला, त्यामागे शल्यचिकित्सकांच्या कौशल्याइतकीच या शिकविलेल्या हातांची पुण्याई आहे, असे आम्ही मानतो.

दुसरे बीज साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आणले. ‘कमवा व शिका’ हे त्यांच्या शिक्षणविचाराचे मर्म होते. गरिबाच्या मुलाने श्रम करावेत, त्या श्रमाचे मोल त्याला मिळावे आणि त्यातूनच त्याचे शिक्षण व्हावे, ही शिकवण या मातीत शेताच्या बांधावर आणि वसतिगृहाच्या अंगणात रुजली. ती रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत नेणे हे ओघानेच आलेले काम आहे.

विद्यावेतन कशासाठी?

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांतील एखादी दहावी झालेली मुलगी अथवा पदरी मुले असलेली महिला डोळ्यांसमोर आणावी. तिच्या घरात रोजंदारीचे पैसे आले तरच चूल पेटते. तिला वर्षभराचा अभ्यासक्रम विनामूल्य देऊ केला, तरी तो तिच्यासाठी विनामूल्य नसतो. बुडालेली मजुरी हीच त्याची फी असते. एसटीचे भाडे, दुपारचा डबा आणि घरी मुलांना सांभाळणाऱ्याची सोय यांचा खर्च निराळाच. शुल्क घेऊन अल्प मुदतीची प्रमाणपत्रे देणारे वर्गही गावोगावी निघाले आहेत. प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभे न राहता मिळविलेले असे प्रमाणपत्र नोकरीच्या दारात उपयोगी पडेलच असे नाही. कर्ज काढून फी भरलेल्या कुटुंबावर त्याचा भार मात्र राहतो.

यावर कायद्याने एक मार्ग दाखविला आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. आरंभी त्याचा रोख प्रामुख्याने कारखान्यांकडे होता. २०१४ च्या दुरुस्तीने ‘ऐच्छिक व्यवसाय’ ही संकल्पना आणली व सेवाक्षेत्रास त्याचे दार अधिक खुले झाले. या कायद्याखाली उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि विद्यावेतन देणे बंधनकारक असते. २०१९ च्या नियमदुरुस्तीत दहावी उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान ६,००० रुपये ठरविण्यात आले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, वाटा केंद्र शासनाने उचलण्याची तरतूद झाली. उरलेला भार आस्थापनेचा, म्हणजे आपल्यासारख्या रुग्णालयात अंतिमतः विश्वस्त निधीचा.

काय शिकवावे?

या प्रशिक्षणाचे आम्ही चार टप्पे मानतो.

पहिला टप्पा स्वच्छतेचा. साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि निर्जंतुक द्रावणाने हात चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा हे करावयाचे असते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम येथेच शिकवावेत : रक्ताने माखलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ व्हावा. कावीळ ‘ब’ ची लस शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रांत घ्यावयाची असते. तिची पहिली मात्रा प्रशिक्षणार्थीस वॉर्डात पाठविण्यापूर्वीच द्यावी.

दुसरा टप्पा अंगमेहनतीचा व नाजूकपणाचा. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास माकडहाड, टाचा व खुबे यांवरील त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि शय्याव्रण होतात. त्वचा लालसर दिसणे ही पहिली सूचना होय. बोटाने दाबूनही ती लाली जात नसेल, तर तत्काळ परिचारिकेस सांगावे. रुग्णास खाटेवरून ओढू नये. खाली चादर घालून दोघांनी मिळून उचलावे. त्याने रुग्णाची कातडी वाचते आणि उचलणाऱ्याची कंबरही. भरविताना रुग्णास बसते करावे आणि पहिला घास गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये.

तिसरा टप्पा नोंदींचा. तापमान, नाडी व श्वास मोजणे, प्यायलेले पाणी व झालेली लघवी मापून लिहिणे. प्रौढाची विश्रांतीतील नाडी मिनिटास ६० ते १००, तर श्वास १२ ते २० असतात. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, मात्र जमिनीस टेकू देऊ नये. न मोजलेला आकडा अंदाजाने लिहू नये. रिकामी जागा चुकीच्या आकड्याहून बरी.

चौथा टप्पा मर्यादांचा. इंजेक्शन देणे, औषधाची मात्रा ठरविणे, नळी घालणे ही कामे रुग्णसाहाय्यकाची नव्हेत. नातेवाइकांनी आग्रह धरला, वॉर्डात गर्दी असली, तरीही नव्हेत. ‘मला हे करण्याची परवानगी नाही, मी सिस्टरांना बोलावते’ हे वाक्य न संकोचता उच्चारता येणे ही या शिक्षणाची खरी परीक्षा आहे.

एक धोका

विद्यावेतन देण्याने संस्थेचे कर्तव्य पुरे होत नाही. शिकाऊ उमेदवारास स्वस्त मजूर समजण्याचा मोह सर्वच आस्थापनांना होऊ शकतो. कायम सेवकाची जागा रिकामी ठेवून तेथे दरवर्षी नवे शिकाऊ उभे केले, तर ‘कमवा व शिका’ यातील दुसरा शब्द गळून पडतो. म्हणून काही पथ्ये पाळणे आम्हांस आवश्यक वाटते. प्रशिक्षणार्थीची गणना वॉर्डाच्या नियमित मनुष्यबळात करू नये. त्यास रात्रपाळीत एकटे ठेवू नये. प्रत्येकास एक अनुभवी मावशी वा मामा मार्गदर्शक म्हणून नेमून द्यावेत आणि आठवड्यातील ठरावीक तास वर्गासाठी राखावेत. वर्ष संपल्यावर त्याच व्यक्तीस पुन्हा शिकाऊ म्हणून ठेवू नये. जागा असल्यास नोकरी द्यावी, नसल्यास दुसरीकडे जाण्यासाठी साहाय्य करावे.

या मार्गदर्शकांविषयी दोन शब्द. वर्षानुवर्षे वॉर्डात राबलेल्या अनेक ज्येष्ठ सेविकांकडे कोणतेच प्रमाणपत्र नसते. त्यांच्याकडून शिकलेल्या मुलीला प्रमाणपत्र मिळते आणि शिकविणारी तशीच राहते, हे न्याय्य नव्हे. पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकासाच्या व्यवस्थेत आहे. तिचा लाभ प्रथम या ज्येष्ठांना मिळावा.

पुढील वाट

दहावीनंतर रुग्णसाहाय्यक झालेल्या मुलीने तेथेच थांबावे असे नाही. बारावी पूर्ण केल्यास दोन वर्षांचा एएनएम अथवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम तिच्या आवाक्यात येतो. महिन्याकाठी हाती येणाऱ्या पैशातून तिने बाहेरून बारावीचा अर्ज भरला, तर विद्यावेतनाचे सार्थक झाले असे समजावे.

धर्मादाय रुग्णालयास मिळणारी देणगी बहुधा यंत्रासाठी वा इमारतीसाठी असते, आणि तिची नितांत गरजही असते. तथापि एका शिकाऊ उमेदवाराच्या वर्षभराच्या विद्यावेतनाचा भार उचलणारी देणगी एका घराची चूल पेटती ठेवते आणि असंख्य रुग्णांच्या पाठीवरचे शय्याव्रण टाळते. त्या देणगीची संगमरवरी पाटी भिंतीवर लागणार नाही. मध्यरात्री एखाद्या वृद्धाची कूस वेळेवर बदलली जाईल, हेच तिचे फळ होय. आमच्या हितचिंतकांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.