मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि घराण्याचा वारसा

'आमच्या घराण्यातच आहे ते,' असे टक्कल, दमा आणि मधुमेह यांच्याविषयी आपण चारचौघांत सहज बोलतो. कर्करोगाविषयी तसे कोणी बोलत नाही. घरात मुलीचे लग्न ठरायचे असेल तर मुळीच नाही. 'पोटाचे दुखणे होते', 'पिशवीचा त्रास होता' एवढ्यावर आजीचे किंवा आत्याचे मरण मिटवले जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते पाहिले तर या मौनाची किंमत फार मोठी आहे. हा रोग काही कुटुंबांत खरोखरच जनुकांच्या वाटेने उतरतो, आणि तो उतरत आहे हे वेळीच कळले तर बहुतांशी टाळता येतो.

ही गोष्ट विज्ञानाला प्रथम सांगितली ती एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. १८९५ साली या स्त्रीने त्यांना सांगितले, की आपल्या घरातील बहुतेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा आपणही तशाच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या कुळाची वंशावळ जुळवली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. वैद्यकीय साहित्यात हे कुळ 'जी कुटुंब' या नावाने ओळखले जाते.

यानंतर जवळजवळ अर्धे शतक या विषयाकडे फारसे कोणी वळले नाही. १९६२ साली नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना दारूच्या व्यसनाने खंगलेला एक रुग्ण भेटला. 'घरातले सगळे कर्करोगाने गेले, मीही जाणार, म्हणून पितो,' असे त्याचे सांगणे होते. लिंच यांनी त्याच्या नातेवाइकांची माहिती गोळा केली आणि १९६६ साली अशा दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाचे खापर परिसरातील घटकांवर फोडण्याचा तो काळ होता. संशोधनासाठी त्यांनी केलेले अर्ज वारंवार नाकारले गेले. आज त्या विकाराला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात.

दोष नेमका कशात असतो? ही स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी कोणीतरी तिची मुद्रिते तपासली असतील, चुकलेला काना किंवा निसटलेले अक्षर दुरुस्त केले असेल. आपल्या पेशींतही असेच मुद्रितशोधन चालते. आतड्याचे आतील अस्तर अवघ्या काही दिवसांत नवे होत असते. प्रत्येक नवी पेशी घडताना डीएनएच्या सुमारे ६०० कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या शोधून दुरुस्त करणारी प्रथिने एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या जनुकांच्या आज्ञेने तयार होतात. एमएसएच-२ हे जनुक १९९३ साली आणि एमएलएच-१ हे १९९४ साली ओळखले गेले.

दहावीत वाटाण्याच्या रोपांवरून आपण शिकलो ते येथे उपयोगी पडते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. लिंच सिंड्रोममध्ये त्यांतली एक प्रत जन्मतःच निकामी असते. दुसरी काम सांभाळते, म्हणून मूल धडधाकट वाढते. पुढे कधीतरी आतड्याच्या एखाद्या पेशीतील चांगली प्रतही बिघडते. मग त्या पेशीच्या वंशजांत चुका साचत जातात आणि त्यांतून गाठ उभी राहते. यामुळेच हा रोग बालपणी दिसत नाही आणि तरीही इतरांपेक्षा लवकर, अनेकदा पन्नाशीच्या आत, गाठतो. सदोष प्रत पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्यामागे निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, शक्यता तेवढीच. 'तो अगदी वडिलांवर गेला आहे, त्यालाच होणार' ही समजूत निराधार आहे. चेहऱ्याचा या जनुकांशी काही संबंध नाही.

मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी सुमारे तीन लिंच सिंड्रोममुळे होतात. एपीसी नावाच्या जनुकातील दोष त्याहून विरळा. त्यात किशोरवयातच आतड्यात शेकडो कोंब उगवू लागतात आणि शस्त्रक्रिया न केल्यास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. तिसऱ्या प्रकाराची दखल आपल्याकडे विशेष घ्यायला हवी. एमयूटीवायएच या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर सहसा फारसे काही होत नाही. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच रोग उद्भवतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. आईवडील दोघेही निरोगी, आणि भावंडांपैकी दोघे आजारी, असे चित्र मग दिसते.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांत असे एकच ठळक जनुक सापडत नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील जुळ्यांच्या ४४,७८८ जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३५ टक्के असावा, असा त्याचा अंदाज होता. याचा अर्थ शंभरांतील पस्तीस रुग्णांना रोग वारशाने मिळाला असा नव्हे. त्या समाजात माणसामाणसांत जोखमीचा जो फरक आढळतो, त्यातील एवढा भाग जनुकांमुळे आहे, इतकाच तो अर्थ. हा भाग अनेक छोट्या बदलांत विखुरलेला आहे. २००७ साली आठव्या गुणसूत्रावरील असा एक बदल सापडला. तो जोखीम सुमारे पाचव्या हिश्शानेच वाढवतो. २०२३ सालापर्यंत जोखमीशी निगडित दोनशेच्या वर बदल नोंदले गेले. परंतु ते ज्यांच्या रक्तनमुन्यांवरून शोधले ती माणसे युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशांची होती. त्यावरून काढलेले जोखमीचे गुणांक आपल्याला जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे आहे, आणि लाळेच्या थेंबावरून भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींकडे म्हणूनच सावधपणे पाहावे. शिवाय तंबाखू, दारू, लठ्ठपणा आणि बैठे जीवन यांचा वाटा आहेच.

वारसा कळून करायचे काय, हा खरा प्रश्न. फिनलंडमध्ये अशा २२ कुटुंबांतील २५२ व्यक्तींवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. दर तीन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घेणाऱ्यांत हा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला, कारण कोंब कर्करोग होण्याआधीच काढले गेले. ॲस्पिरिनचीही परीक्षा झाली आहे. लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांपैकी जे सरासरी दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम घेत होते, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत हा कर्करोग ९ टक्के जणांना झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

पहिली तपासणी मात्र घरातच, वहीपेन्सिलीने करता येते. तीन पिढ्यांतील कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कर्करोग झाला ते लिहून काढावे. आईकडील माणसे वगळू नयेत. आपल्या वंशावळींत लेकी सासरी गेल्या की नाहीशा होतात, जनुके होत नाहीत. 'पिशवीचा कॅन्सर' म्हणजे नेमका कोणता, हे जुन्या कागदांवरून पाहावे. गर्भाशयाच्या मुख्य भागाचा असेल तर तो लिंच सिंड्रोमच्या खुणांपैकी एक आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विषाणूमुळे होतो आणि तो या हिशेबात येत नाही. ॲमस्टरडॅम येथे ठरलेली खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: तीन नातेवाईक, दोन पिढ्या, आणि त्यांतील निदान एक पन्नाशीच्या आतला. या तिघांपैकी एकजण इतर दोघांचा आईबाप, भावंड किंवा अपत्य असावा. घरात असा इतिहास असताना शौचातून रक्त गेले तर 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्महिने मलमावर काढू नयेत.

जनुकांची तपासणी शक्यतो आजारी व्यक्तीपासून सुरू करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यासाठी कर्करोग आनुवंशिकी विभाग आहे. दोष सापडला की नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो. लिंच सिंड्रोमसाठी मुलांची तपासणी सज्ञान झाल्यावर, त्यांच्या संमतीने करतात. एपीसीच्या कुटुंबांत ती दहा-बारा वर्षांच्या वयातच करावी लागते. ज्याच्यात दोष आढळतो त्याची दुर्बीण-तपासणी लिंच सिंड्रोममध्ये साधारण विशी-पंचविशीत सुरू होऊन दर एक-दोन वर्षांनी चालू राहते. ज्याच्यात तो आढळत नाही त्याची जोखीम चारचौघांइतकीच असते, आणि त्याच्या मुलांना या दोषासाठी तपासण्याचे कारण उरत नाही. 'जी कुटुंबा'चा दोष २००० साली सापडला. तो एमएसएच-२ या जनुकात होता.