थकलेला आयकर आणि सल्लागाराची निवड

आपल्या संस्थेच्या सभासदांत रेल्वे, बँका, महानगरपालिका, शाळा यांतून नोकरी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कर पगारातूनच कापला जातो, तेव्हा आयकराचा आपला काय संबंध, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. परंतु एखाद्या दिवशी आयकर खात्याची मागणी नोटीस येते आणि घरातली झोप उडते. अशा वेळी माणसाच्या हातून दोन चुका होतात. एक तर तो नोटीस कपाटात ठेवून देतो, किंवा जो पहिला भेटेल त्याच्या हाती सगळे कागद सोपवून मोकळा होतो. आम्ही या दोन्ही चुका केल्या आहेत, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या ओळखीने आम्ही एका गृहस्थाकडे विवरणपत्र भरायला दिले. परतावा मिळाला की त्यातील ठरावीक हिस्सा त्यांचा, असा व्यवहार होता. पासवर्डही त्यांनाच दिला. त्यांनी काय भरले ते आम्ही वाचले नाही. न घेतलेल्या गृहकर्जाचे व्याज त्यांनी दाखविले होते. पुढे नोटीस आली, ती आम्ही घाबरून काही महिने बाजूला ठेवली. नंतर त्या गृहस्थांना फोन केले, तर ते उचलेनात. "त्यांनी भरले, आम्हांस ठाऊक नव्हते" हे उत्तर खात्यापुढे चालले नाही. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून पैसे भरावे लागले. मदत कोणाचीही घ्यावी, पण विवरणपत्र आपल्या नावाचे असते आणि उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते, हा धडा आम्हांस असा महागात मिळाला.

हा प्रकार आमच्यापुरता नाही. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींच्या संदर्भात आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. त्यांत अशी विवरणपत्रे भरून देणारे मध्यस्थही होते.

या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, २० टक्के कराच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याने १,५०,००० रुपयांची खोटी वजावट दाखविली. उपकर बाजूला ठेवला तर ३०,००० रुपये कर वाचल्यासारखा दिसतो. दहा टक्क्यांप्रमाणे मध्यस्थाला ३,००० रुपये मिळतात. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखविल्यास दंड त्या कराच्या २०० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये. मूळ कर धरून ९०,००० रुपये होतात, व्याज वेगळेच. मध्यस्थाचे ३,००० मात्र त्याच्याच खिशात राहतात.

नोटीस आल्यावर प्रथम काय करावे?

प्रथम ती खरी आहे का ते पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्यानंतर तीन गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून काढाव्यात : कोणत्या वर्षाची मागणी आहे, किती रकमेची आहे आणि उत्तराची मुदत कधी संपते. वर्ष महत्त्वाचे अशासाठी की, १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या (२०२५) अंमलाची तारीख असून त्यापूर्वीच्या वर्षांच्या थकबाकीला १९६१ चाच कायदा लागू राहतो. मागणीची रक्कम भरण्यास सामान्यतः ३० दिवस मिळतात. पुढे दरमहा १ टक्का व्याज चढते. एवढी रक्कम एकदम भरणे शक्य नसेल, तर मुदत संपण्याआधी हप्ते किंवा मुदतवाढ मागणारा अर्ज करता येतो. पहिल्या अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच असते. नोटीस कपाटात ठेवल्याने काय जाते, ते यावरून ध्यानात यावे.

कोणत्या कामाला कोण?

१) चूक साधी असेल, उदाहरणार्थ कापलेला कर खात्याच्या नोंदीत दिसत नसेल, तर प्रथम आपल्या कार्यालयाच्या लेखा विभागाकडे व आयकर सेवा केंद्रात चौकशी करावी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालकाने पगारातून कर कापला पण सरकारात भरला नाही, तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

२) विवरणपत्र भरायचेच राहिले, किंवा एखादे उत्पन्न सुटले, तर चार्टर्ड अकाउंटंट अथवा अनुभवी कर सल्लागार गाठावा. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे व २०२५ मध्ये तिची मुदत ४८ महिने करण्यात आली. जितका उशीर, तितका जादा कर : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढे ५०, ६० आणि ७० टक्के.

३) मागणीच अमान्य असेल, दंडाची कारवाई किंवा अपील असेल, तर अशी प्रकरणे चालविलेला चार्टर्ड अकाउंटंट किंवा कर-वकील हवा. खटल्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर वकीलच हवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

सल्लागाराला काय विचारावे?

त्यांचा सभासद किंवा सनद क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. चार्टर्ड अकाउंटंटचा क्रमांक त्यांच्या संस्थेकडे पडताळता येतो. आमच्यासारखे प्रकरण पूर्वी हाताळले आहे का, काम स्वतः करणार की दुसऱ्याकडे देणार, एकूण शुल्क किती व त्यात कोणती कामे येतात, हे विचारून शुल्क लेखी घ्यावे. निकालावर अवलंबून असणारे शुल्क ठरविण्यास वकिलाला व्यवसायाच्या नियमांनीच मनाई आहे. चार्टर्ड अकाउंटंटवरही काही अपवाद सोडता असेच बंधन आहे. तेव्हा परताव्यात वाटा मागणाऱ्यापासून दूरच राहावे.

चांगला सल्लागार प्रथम कागद मागतो. करकपातीचे प्रमाणपत्र, खात्याकडील वार्षिक माहिती विवरण, बँकेचे खातेपुस्तक, जुनी विवरणपत्रे पाहिल्याशिवाय तो आकडा सांगत नाही. कधी तो "हा कर तुम्हांला भरावाच लागेल" असेही सांगतो. ते ऐकताना वाईट वाटते, पण असा माणूस सोडू नये. कागद न पाहता "सगळे माफ करून देतो" म्हणणारा, कोऱ्या कागदावर सही मागणारा, पासवर्ड स्वतःकडे ठेवणारा, खात्यात आपली माणसे आहेत असे सांगणारा, यांना दारातूनच नमस्कार करावा. कराची रक्कम सल्लागाराच्या खात्यात न भरता सरकारी चलनानेच भरावी व पावती आपल्याकडे ठेवावी. विवरणपत्र पाठविण्यापूर्वी ते ओळीन् ओळ वाचून घ्यावे. कळत नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांस एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना नोटिशीची भाषा उमगत नाही, आणि तसे सांगण्याचा संकोच वाटतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार संस्थेच्या सभागृहात बसून सभासदांचे कागद त्यांच्यासोबत वाचावेत, वर्ष, रक्कम आणि मुदत एवढे तरी लिहून द्यावे. पुढचे काम सल्लागार करील. पण त्याच्याकडे जाताना आपला सभासद सारे कागद लावून, प्रश्न लिहून आणि मुदतीच्या आत जाईल, आणि एखाद्या घरची शिक्षणाची ठेव मोडायची वाचेल.