पाठ ९ : पायाखालचा खडक

प्रास्ताविक

आपण ज्या भूमीवर राहतो, तिच्यात धान्य पिकवतो आणि तिच्यातूनच पाणी काढतो. ही भूमी कशाची बनली आहे, यावर आपले पीक, आपले घर आणि आपली विहीर अवलंबून असते. मागील पाठात आपण पृथ्वीच्या अंतरंगाचे भूकवच, प्रावरण आणि गाभा असे तीन भाग पाहिले. या पाठात भूकवचातील खडकांची ओळख बंगळुरू शहराच्या उदाहरणावरून करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• खडकांचे तीन मुख्य प्रकार सांगता येतील;
• खडकापासून मृदा कशी तयार होते, हे स्पष्ट करता येईल;
• खडक आणि भूजल यांचा संबंध सांगता येईल.

९.१ खडकांचे प्रकार

निर्मितीच्या प्रक्रियेवरून खडकांचे तीन प्रकार पडतात. तप्त शिलारस थंड होऊन अग्निजन्य खडक तयार होतात. ग्रॅनाइट व बेसाल्ट ही त्यांची उदाहरणे होत. नद्या, वारा व समुद्र यांनी आणलेल्या गाळाचे थर एकावर एक साचून, दाबले जाऊन स्तरित खडक बनतात. वालुकाश्म व चुनखडक या प्रकारात येतात. यांपैकी कोणताही खडक प्रचंड उष्णता व दाब यांखाली सापडला, की त्याचे मूळ रूप पालटते. अशा खडकास रूपांतरित खडक म्हणतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, तर ग्रॅनाइटचा नीस होतो.

९.२ लालबागेतील टेकडी

बंगळुरूतील लालबाग हे उद्यान हैदर अलीने १७६० मध्ये उभारण्यास आरंभ केला. या उद्यानात एक उघडी, गोलसर खडकाळ टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर केंपेगौडाचा मनोरा उभा आहे. ही टेकडी नीस खडकाची असून तिचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

या खडकाकडे निरखून पाहिल्यास फिकट व गडद रंगांचे पट्टे दिसतात. फिकट पट्ट्यांत स्फटिक व फेल्स्पार, तर गडद पट्ट्यांत काळे अभ्रक यांसारखी खनिजे असतात. भूपृष्ठाखाली खोलवर, दाब व उष्णता यांमुळे खनिजांची अशी पट्ट्यांत मांडणी झाली. पुढे वरचे थर झिजत गेले आणि खोलवरचा हा खडक उघडा पडला.

आता महाराष्ट्राकडे पाहू. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा बाहेर येऊन तो थरांवर थर पसरला. म्हणजेच सह्याद्रीच्या ज्या कातळात आपले गडकोट उभे आहेत, तो कातळ बंगळुरूच्या खडकापुढे अगदीच तरुण ठरतो. बंगळुरूच्या नैऋत्येस रामनगर येथे, 'शोले' चित्रपटात दिसणारे मोठमोठे सुळके आहेत. ते ग्रॅनाइटचे असून त्यांचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे.

९.३ खडकापासून मृदा

ऊन, पाऊस, हवा आणि झाडांची मुळे यांच्यामुळे खडक हळूहळू फुटतो व कुजतो. या क्रियेस विदारण म्हणतात. खडकाच्या या भुग्यात पालापाचोळा व सूक्ष्मजीव मिसळले, की मृदा तयार होते. बोटभर जाडीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जाण्यास मात्र एखादा मुसळधार पाऊस पुरतो.

नीस व ग्रॅनाइट यांपासून बंगळुरूच्या परिसरात तांबडी मृदा तयार झाली. तिच्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे तिला हा रंग येतो. तिच्यातून पाणी लवकर निथळते. म्हणून तेथे कमी पाण्यावर येणारी नाचणी हे मुख्य पीक झाले. बेसाल्टपासून तयार झालेली काळी रेगूर मृदा मात्र ओलावा धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कापसास ती मानवते.

९.४ खडक आणि पाणी

नीस हा कठीण खडक आहे. त्याच्या अखंड भागात पाणी साठत नाही. पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालील खडकाच्या भेगांत. खोल जावे तसतशा या भेगा सामान्यतः कमी होत जातात. म्हणून कूपनलिका अधिक खोल खणली, तरी पाणी लागेलच असे नाही.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, जलविभाजकावर वसले आहे. तेथे बारमाही मोठी नदी नाही. पूर्वजांनी त्यावर उपाय योजला. उतारावर बांध घालून त्यांनी तलावांच्या साखळ्या निर्माण केल्या. एक तलाव भरला, की पाणी पुढच्या तलावात जाई, आणि काही पाणी जमिनीत मुरे. पुढे शहर वाढले. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. आज सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी उपसून शहरात आणावे लागते. जेथे ते पोहोचत नाही, तेथे कूपनलिका व टँकर यांचाच आधार असतो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका कोरड्या पडल्या.

यावर पावसाचे पाणी जिरवणे हा एक उपाय आहे. एका ५० चौरस मीटर छपराचा विचार करा. वर्षभरात ९०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर ४५,००० लिटर पाणी पडते. शोषखड्ड्यातून वा उथळ विहिरीतून ते मुरमापर्यंत पोहोचवले, तर भूजलात भर पडते.

तुम्ही काय शिकलात?

• खडक अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित अशा तीन प्रकारचे असतात.
• मूळ खडक, हवामान व सजीव यांवर मृदेचे गुणधर्म अवलंबून असतात.
• कठीण खडकात पाण्याचा साठा मर्यादित असतो. जेवढे मुरते, तेवढेच टिकाऊपणे उपसता येते.

स्वाध्याय

१. नीस व बेसाल्ट यांच्या निर्मितीतील फरक सांगा.
२. कूपनलिका खोल केल्याने पाण्याचा प्रश्न नेहमी का सुटत नाही?
३. तुमच्या परिसरातील मातीचा रंग पाहा. एका पेलाभर मातीत पाणी ओता व ते मुरण्यास किती वेळ लागतो, याची नोंद करा.
४. तुमच्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा आणि वर्षभरात त्यावर किती लिटर पाणी पडते, ते काढा.