एंजिनाचे वेळमापक संवेदक : दोषसंकेताचा अर्थ व दुरुस्तीचा क्रम

इंदूरनजीक पिथमपूर येथे १९८६ साली आयशर-मित्सुबिशीची हलकी मालवाहू वाहने तयार होऊ लागली. त्या काळी डिझेल एंजिनात इंधन केव्हा सोडावयाचे हे यांत्रिक पंप ठरवीत असे. आज हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो व त्यातील दोष वाचण्यासाठी कारागिराच्या हाती स्कॅनर आला आहे. परंतु स्कॅनरवर उमटलेला संकेत हा निदानाचा आरंभ होय. ते निदान नव्हे. हे ध्यानात न घेता सुटा भाग बदलल्यास ग्राहकास भुर्दंड पडतो आणि दोष कायम राहतो.

रचना व कार्य

चार धावांच्या एंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीसमोर संवेदक बसविलेला असतो. पुष्कळ एंजिनांत या चकतीवर ६० दात्यांची जागा असून त्यांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. मिनिटास ८०० फेरे या गतीने अशा चकतीचे ५८ दाते सेकंदास सुमारे ७७० स्पंद निर्माण करतात. गाळलेल्या जागेवरून दट्ट्याचे स्थान कळते. मात्र तो संपीडनाच्या धावेत आहे की निष्कासाच्या, हे कॅमशाफ्टच्या संवेदकावरून ठरते.

संकेतांचा अर्थ

‘पी ०३३५’ हा संकेत क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलातील दोष दर्शवितो, तर ‘पी ०३४०’ कॅमशाफ्ट संवेदकाच्या मंडलातील. ‘मंडल’ या शब्दात संवेदकाखेरीज तारा, जोडणी व नियंत्रक यांचाही समावेश होतो. ‘पी ००१६’ याचा अर्थ दोन्ही संदेश येतात, पण परस्परांशी जुळत नाहीत. अशा वेळी टायमिंग चेन ताणली आहे काय किंवा पट्टा दाता चुकला आहे काय, हे प्रथम पाहावे.

तपासणीचा क्रम

१. संकेत पुसण्यापूर्वी तो व त्या क्षणीची एंजिनाची गती, तापमान इत्यादी नोंदी उतरवून घ्याव्यात.

२. बॅटरी व स्टार्टर तपासावेत. एंजिन मंद फिरल्यास संदेशही क्षीण होतो.

३. स्टार्टर फिरवीत असता स्कॅनरवरील एंजिनाची गती पाहावी. ती शून्यच राहिल्यास क्रँकशाफ्टचा संदेश पोहोचत नाही, असे समजावे.

४. जोडणी उघडून ओल, गंज, तेल अथवा सैल पिना आहेत काय, ते पाहावे. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

५. दोन तारांचा संवेदक बहुधा चुंबकीय गुंडाळीचा असतो. त्याची जोडणी सोडवून रोध मोजावा व निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

६. तीन तारांच्या हॉल संवेदकाचा रोध मोजू नये. त्याला मिळणारा विद्युत्पुरवठा, अर्थिंग व निघणारा संदेश तपासावा.

७. संवेदक काढून त्याच्या टोकावरील लोखंडी कीस पुसावा. चकतीचे दाते व संवेदकापासूनचे अंतरही पाहावे.

एंजिन तापल्यावर बंद पडून निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर गार अवस्थेतील मोजमापावर विसंबू नये. दोष प्रकट होतो त्याच तापमानास तपासणी करावी.

सुरक्षितता

इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूरपुढे घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी एंजिन अचानक बंद पडल्यास अनेक वाहनांत सुकाणू जड होते व ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच दाबांत संपते. म्हणून केवळ संकेत पुसून वाहन ग्राहकाच्या स्वाधीन करणे सर्वथा अयोग्य होय. दुरुस्तीनंतर एंजिन पूर्ण तापेपर्यंत वाहन चालवून पाहावे, संकेत पुन्हा उमटत नसल्याची खात्री करावी आणि घेतलेली मोजमापे जॉबकार्डावर नोंदवावीत.